दार धरणाऱ्या बायका

कॉटर क्रीक, अलाबामा
९ फेब्रुवारी

थर्मन,

गुडघा कसा आहे तुझा? डेट्रॉइटच्या थंडीत धरतो का अजून? तुझ्या बर्निसची साखर आटोक्यात आहे, की माझ्याकडून रताळ्याच्या गोड पाईची कृती नेऊन तिने स्वतःचाच घात करून घेतलाय? क्विंटनची पाठ कशी आहे? मोटारींचे दरवाजे बसवून बसवून पोराची कंबर कामातून गेली, असं बर्निसने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. शेजारच्या मिस्टर ओडेल यांचा मोतीबिंदू निघाला का? आणि ते म्हातारं कुत्रं, ज्याला मी कधीच आवडले नाही, ते आहे का अजून?

एकेकाचं वेगळं लिही. ‘सगळे ठीक’ अशी एकच घोंगडी सगळ्यांवर टाकू नकोस.

माझं म्हणशील तर बोटं आखडतात. जन्मभर कोंबड्यांच्या कारखान्यात पंख तोडले, आता त्या कोंबड्या सूड घेतायत. मायका, आपल्या रेनिताचा मुलगा, बापाकडे असतो पण रविवारी माझ्याकडे येतो. हसला की रेनिताच समोर उभी राहते, म्हणून मी त्याला उगाचच हसवत बसते.

तू चार वर्षं बोलला नाहीस. रेनिताला मातीत ठेवल्यावर तू धाकटीचा, जनेलचा, हात धरलास. म्हणालास, चल माझ्याबरोबर, या गावाने माझी एक लेक खाल्ली, दुसरी मी देणार नाही. जनेलने हात सोडवून घेतला. तेव्हा तू म्हणालास, “राहा मग इथेच. उद्या तुझंही असंच झालं तर मला कळवूसुद्धा नका.” मी त्यावर तेव्हा बोलले नाही, आताही बोलणार नाही. बाप एवढा दुखावला की जीभ त्याची राहत नाही.

आता बातमी. आपल्या काउंटीच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. कुणाला कळा आल्या की शहरापर्यंत तासाभराहून जास्त वाट, आणि वाटेत पाइनच्या झाडांशिवाय कुणी नाही. तर एका संस्थेने आपल्या चर्चला अनुदान दिलंय. आपल्याच बायकांना शिकवून बाळंतिणीच्या सोबतिणी करायच्या. दिवस राहिल्यापासून घरी जायचं, रक्तदाब मोजायचा, दवाखान्यात बरोबर राहायचं, आणि बाळ घरी आल्यावरही पाठ सोडायची नाही. पेट्रोलचे पैसे मिळतात, मजुरीही मिळते. आपल्या बायकांनी जगाला फुकटात सेवा करून घ्यायची सवय लावली, ती आता मोडायची आहे. मीही नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, शिक्षण किती? मी म्हटलं, सातवीपर्यंत शाळेत, त्यानंतर जिथे मिळेल तिथे.

वेळ जात नाही म्हणून जाते, असं मी सगळ्यांना सांगते. तुला ते सांगून भागणार नाही. थर्मन, जनेलला चौथा महिना चालू आहे. तिचा नवरा डॅरियस ट्रकवर असतो, निम्मा महिना बाहेर. म्हणून ती माझ्याकडे राहायला आलीय. तुला कळवू नको म्हणाली. मी तिचं ऐकलं नाही. तुझं तरी कुठे ऐकलंय?

तुझी बहीण,
ओझेला


१८ एप्रिल

थर्मन,

तुझं पत्र नाही. बर्निसचा फोन आला आणि तिने हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मागे तुझा खोकला ऐकू येत होता. तो ऐकून बरं वाटलं. म्हणजे खोकल्याचं नाही, तू फोनजवळ उभा होतास त्याचं.

जनेलची तब्येत बरी आहे. पाय सुजतात, पण दाब ठीक आहे. मी मोजते ना.

तुला वर्गाचं सांगायचंय. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसतो. शिकवणाऱ्या डेल्फीनबाई माँटगोमेरीहून येतात. कानात बांगडीएवढाली कर्णफुलं, पण हात स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईचे. एके दिवशी त्या म्हणाल्या, समजा मी नर्स, तुम्ही ओल्या बाळंतिणी. आमच्यात हॅटी मोझली आहे. तुला आठवत असेल, चर्चच्या दारावरच्या सेविकांची प्रमुख. पांढरे हातमोजे, पांढरे बूट, आणि लहानपणी तू हसलास म्हणून तुला शेवटच्या बाकावर नेऊन बसवणारी. डेल्फीनबाईंनी तिला विचारलं, कसं वाटतंय? हॅटी म्हणाली, “देवाची कृपा. तक्रार नाही.” मग कोरिनला विचारलं. ही कोरिन म्हणजे कोपऱ्यावर केस विंचरून वेण्या घालून देते ती. तीही तेच म्हणाली. असं करत गोल पुरा झाला. मी शेवटी होते. माझ्याही तोंडातून तेच निघालं, सवयीने, शिंक यावी तसं.

डेल्फीनबाई म्हणाल्या, तुम्ही सगळ्या गेलात.

हॅटीला ते झोंबलं. देवाचं नाव घेतलं म्हणून मी मरेन होय गं, असं तिने विचारलं. आणि वर म्हणाली, माझ्या आजीने या अख्ख्या काउंटीला नाळेपासून सोडवलं, तिला कुणी कागद दिला होता? मी म्हटलं, दिला होता हॅटी, सुईणीचा परवाना, आणि सरकारने तो परतही घेतला, म्हणून तर आज आपण शिकायला बसलोय. यावर ती पर्स मांडीवर उभी करून बसली. हॅटीने पर्स उभी केली की समज, अजून तिचं ठरलेलं नाही.

मला मात्र बसवेना. बाहेर जाऊन पायरीवर बसले. थर्मन, रेनिताने शहरातल्या त्या दवाखान्यात डोकं दुखतंय म्हणून दोनदा सांगितलं होतं. बाळंतपणानंतर होतं तसं, म्हणाले. मग घरी सोडायच्या वेळी तिसऱ्यांदा कुणीतरी दारातून विचारलं, बरं आहे ना? आणि आपली लेक म्हणाली, देवाची कृपा. तेवढं तिसरं लिहून घेतलं त्यांनी, आणि ती गेली. डेल्फीनबाई माझ्यामागे बाहेर आल्या. मी त्यांना हे सांगितलं. त्या शेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “दोनदा ऐकलं नाही तो त्यांचा गुन्हा. तिसऱ्यांदा त्यांना पळवाट द्यायची नाही, एवढंच आपलं काम.”

हे मी गाठीला बांधलंय. गोऱ्या बायकांच्या मानाने आपल्या काळ्या बायका बाळंतपणात कितीतरी जास्त जातात, शिकलेल्या असोत, पैसेवाल्या असोत. देवाला त्यात हौस नाही. म्हणून आता आम्ही रोज घोकतो: काय दुखतं, कधीपासून, आणि मला आत्ता काय करून हवं. तीन गोष्टी, सरळ, डोळ्यांत बघून.

पण आणखी एक अडचण निघाली. आपल्या बाईने आवाज चढवला की पहारेकऱ्याला बोलावतात, उतरवला की ऐकत नाहीत. सोबतिणीने मध्ये बोललं तर तिला खोलीबाहेर काढतात. मग बाळंतिणीला धीर द्यायचा कसा? कोरिन म्हणाली, चर्चच्या दारावरच्या खुणा कशासाठी आहेत मग? प्रार्थना चालू असताना आपल्या सेविका तोंड न उघडता अख्खं चर्च हलवतात की नाही. मूठ छातीवर आली म्हणजे पुन्हा एकदा सांग. तळहात समोर आला म्हणजे दार धरलंय, मध्ये कुणी यायचं नाही.

हॅटीने पर्स खाली ठेवली. तेव्हापासून खुणा तीच शिकवते, आणि कोपर वाकडं झालं तर बोटांवर टिचकी मारते.

जनेल येते वर्गाला, पण मागे बसून हसते. मला म्हणते, “आत्या, मी घरात दवाखाना-दवाखाना खेळणार नाही.” हसू दे. ज्या घरात हसतात तिथे निदान माणसं असतात.

बर्निसला म्हणावं साखर जपून.

ओझेला


६ जून

थर्मन,

खोकं पोचलं. आत दाब मोजायचं यंत्र, दंडाचा पट्टा, जास्तीचे सेल. चिठ्ठी नाही. पत्त्यावर अक्षर बर्निसचं होतं, पण दोरीची गाठ मासे लटकवायची होती. ती गाठ बाबांनी आपल्या दोघांनाच शिकवली. जनेलने ती गाठ बोटाने चाचपली आणि मला विचारलं, कुणी पाठवलं? मी म्हटलं, डेट्रॉइटहून आलंय. ती खोकं घेऊन खोलीत गेली. आता वर्गातलं यंत्र वापरू देत नाही, हेच लागतं.

आमचं शिक्षण पुरं झालं, पण शहरातल्या दवाखान्याचं अडलं. त्यांचा नियम असा की खोलीत दोनच माणसं. म्हणजे सोबतीण आत गेली तर नवरा नाहीतर आई बाहेर. शिवाय अनुदानात त्यांच्या नर्सांच्या शिक्षणाचेही पैसे आहेत, डेल्फीनबाई शिकवायला तयार, तर ते म्हणाले, आमच्या माणसांना वेळ नाही. अरे, मरायला वेळ आहे आणि ऐकायला नाही?

त्यांच्या कारभाऱ्यांची बैठक असते. आम्ही बोलायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. हॅटी म्हणाली, उभं राहायला कुणाची परवानगी लागते? मग आम्ही चर्चचे पांढरे कपडे घालून गेलो, हातमोजे, बूट, सगळं. डावा हात पाठीशी आणि भिंतीला लागून रांगेत उभ्या. शब्द नाही. एका साहेबांनी हॅटीला विचारलं, कॉफी कधी येणार? हॅटी म्हणाली, “आज आम्ही वाढायला आलो नाही, साहेब.”

पुढच्या बैठकीलाही गेलो. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, आम्ही बसलो नाही. माझे गुडघे म्हणत होते, बस गं म्हातारे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं थर्मनच्या गुडघ्याचे भाऊ आहात, तक्रारखोर.

त्याच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षीण बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, तुम्हाला नक्की हवंय काय? मला पुढे ढकलण्यात आलं. मी म्हटलं, तुमच्या कागदांत माझी भाची एक आकडा असेल. तिचा मुलगा आता अक्षरं गिरवतो. आम्हाला तुमच्याशी भांडण नको, आम्हाला तुमचे कान हवेत. ते शिकवायचे पैसेही आम्हीच घेऊन आलोय, तुमच्या खिशाला हात नाही. तेव्हा आता नाही म्हणायचं असेल तर आमच्याकडे बघून म्हणा.

कुणी म्हणालं नाही. सोबतिणींना आता पाहुण्यांत मोजत नाहीत. नर्सांचा वर्ग याच महिन्यात आहे, जेवणाच्या सुट्टीत. फार मोठं काही नाही, पण दरवाजात पाय अडकवलाय, आता तो काढायचा नाही.

जनेलची सोबतीण कोरिन. मला होऊ दिलं नाही. डेल्फीनबाई म्हणाल्या, घरच्या माणसाचे डोळे भितात. खरं आहे ते.

तू अजून चिठ्ठी लिहिलेली नाहीस. गाठ वाचली, पण मला अक्षरंही वाचता येतात.

ओझेला


१४ जुलै

थर्मन,

मुलगी झाली. काल दुपारी. कोरिन शेवटपर्यंत आत होती, डॅरियसही होता. रंग तुझ्यावर गेलाय, आवाज कुणावर गेलाय ते विचारू नकोस. आज घरी सोडतायत. टपालाची गाडी दारात आहे म्हणून एवढंच.

ओझेला


३० जुलै

थर्मन,

हे पत्र बसून वाच. शेवट आधी सांगते: जनेल जिवंत आहे, घरी आहे, या घडीला घेवडा सोलत मला ओरडतेय की दिवा लाव आणि लिही. आता पुढचं वाच.

बाळ घरी आल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुला माहीत आहे. अख्खं चर्च भांडी घेऊन आलं. कुणी मक्याचा पाव, कुणी कोंबडी, कुणी पीचची पाई. जनेल पुढच्या खोलीत इस्त्रीचा झगा घालून बसली, हसत, बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर. डॅरियस दोन दिवस आधीच टेनेसीच्या फेरीला गेला होता. प्रत्येक जण विचारत होतं, कशी आहेस पोरी? आणि ती म्हणत होती, देवाची कृपा. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या कानावर ते पडत होतं, आणि मला गोड वाटत होतं, थर्मन. तोच शब्द, आणि मला गोड वाटत होता.

तेवढ्यात कोरिन तिच्या नेहमीच्या फेरीला आली. दारातच थांबली. नंतर ती सांगत होती की जनेल खिडकीकडे पाठ करून बसली होती, ऊन डोळ्यांवर नको म्हणून, आणि तिच्या आवडीची पीचची पाई तशीच होती. खोलीत एवढ्या बायका, पाळकांची बायको पायऱ्या चढतेय. त्या गर्दीत जनेलला विचारून उपयोग नव्हता, ती हसलीच असती. कोरिनने हॅटीकडे बघितलं आणि तळहात समोर धरला.

हॅटीच्या हातात बशी होती. ती तिने खाली ठेवली, उठली, आणि म्हणाली, “बायांनो, दार धरलंय.” बस. कुणी विचारलं नाही का. एकेक करून सगळ्या ओसरीवर गेल्या, कोंबडीचे घास तोंडात धरून. पाळकांची बायको भांडं घेऊन पायरीवरच उभी राहिली. हॅटी दारात पाठ लावून उभी.

कोरिन जमिनीवर बसली आणि म्हणाली, “जनेल, आता इथे कुणी नाही. काय दुखतंय?”

जनेल बराच वेळ बाळाच्या टोपीशी चाळा करत होती. मग म्हणाली, “डोकं. कालपासून. डोळ्यांपुढे ठिणग्या उडतायत.” आणि मग अगदी हळू, “मी तोंडाने म्हटलं तर रेनितासारखं होईल असं वाटलं.”

मी दंडाला पट्टा बांधला. माझी बोटं आखडलेली, पण बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे. पुन्हा घेतला, तोच. कोरिनने गाडी काढली. मी मागे बाळाला घेऊन, जनेल पुढे डोळे मिटून. वाटेत मी प्रार्थना केली नाही, खोटं कशाला सांगू. देवाशी मी त्या वाटेवर भांडले. मी म्हटलं, एक नेलीस. हिला हात लावून बघ.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागच्या पोराने वर न बघता सांगितलं, बसा, नाव घेतील. मी तोंड उघडलं. कोरिनने माझा दंड दाबला आणि जनेलकडे बघून मूठ छातीवर ठेवली. आणि जी पोर मागे बसून हसायची, ती खिडकीच्या काचेला हात टेकवून उभी राहिली. आवाज चढला नाही, उतरला नाही. म्हणाली, “मी या आठवड्यात इथे बाळंत झाले. कालपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे ठिणग्या आहेत, दाब एकशे ऐंशीच्या वर आहे. मला आत्ता, या क्षणी, डॉक्टर हवा आहे. मी बसणार नाही.”

पोरगा म्हणाला, बाई, सगळ्यांनाच बसावं लागतं. तिने तेच पुन्हा म्हटलं, शब्दाला शब्द. तेव्हा आतल्या टेबलाशी बसलेली एक गोरी नर्स, माझ्याहून थोडीशी लहान, खुर्ची मागे सारून उठली. म्हणाली, ऐकलं मी, चल. आणि स्वतः चाकाची खुर्ची घेऊन आली.

सलाईनमधून औषध चालू केलं. फिट येण्याच्या बेतात होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. डॅरियस ट्रक घेऊनच आला आणि दवाखान्याच्या दारात लावून मोकळा झाला. त्यावरून पहारेकऱ्याशी त्याचं वाजलं. चौथ्या दिवशी जनेलला घरी आणली.

त्या नर्सला मी निघताना गाठलं. तिला नर्सांच्या वर्गाबद्दल विचारलं. ती म्हणाली, खरं सांगू का, जेवणाची सुट्टी गेली म्हणून मी तिथे चडफडत बसले होते. मी म्हटलं, चडफडत का होईना, बसलीस. तिला रताळ्याची पाई पाठवलीय. बर्निसला सांगू नकोस.

अनुदान पुढच्या वर्षापुरतं आहे. नंतर काय, असा प्रश्न काउंटीच्या बैठकीत टाकायचाय. हॅटीने बूट पांढरे करून ठेवलेत. बाकीच्या गावांतल्या बायकाही नाव घालतायत, त्यांना शिकवायचं काम आमच्याकडे आलंय. मरायच्या आधी मी याचं बस्तान बसवून जाणार. आणि ते बसत नाही तोवर मरणार नाही, हे तुझ्यासाठी वाईट आहे, कारण पत्रं येतच राहतील.

आता तुझं. दवाखान्यात औषधाची गुंगी उतरल्यावर जनेलला मी विचारलं, बापाला कळवू? ती म्हणाली, जिवंत आहे एवढं कळव. मग काल ती आपणहून माझ्याशी बोलली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाळाला चर्चमध्ये नेणार. पाळक तिला दोन्ही हातांनी वर धरून तिचं पूर्ण नाव घेतील. पहिलं नाव जनेलने ठेवलंय, सेलेस्ट. शेवटचं डॅरियसचं. मधलं मोकळं आहे. ते तुझ्याकडून हवं, असं ती म्हणाली. मला वाटलं तू रेनिता म्हणशील, तसं मी बोलूनही गेले. तर ती म्हणाली, “ते नको, आत्या. ही कुणाच्या जागेवर आलेली नाही.”

तेव्हा नीट विचार कर, घाई करून आपल्या आईचं नाव उचलून देऊ नकोस, तिला स्वतःलाच ते आवडत नव्हतं. आणि पत्र मला नको, जनेलच्या नावाने टाक. लवकर टाक. पाळकांना मी सांगितलंय की डेट्रॉइटहून टपाल येईपर्यंत रविवार पुढे ढकलावा लागेल. ते म्हणाले, मिस ओझेला, असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, मग तुमच्या हातून पहिल्यांदा होईल.

तुझी बहीण,
ओझेला